सर्दी झाली की दूध बंद?

डिसेंबर महिन्यात लाखनीच्या एका शाळेत नववीच्या वर्गाशी गप्पा मारण्याचा योग आला. धानाची मळणी नुकतीच आटोपलेली, हवेत भुश्याची धूळ आणि पहाटे कडाक्याची थंडी. त्यामुळे निम्मा वर्ग खोकत होता. मी सहज विचारले, "आज सकाळी दूध कोण कोण प्यायले?" खोकणाऱ्यांपैकी बहुतेकांचे हात खालीच राहिले. एक मुलगी उठून म्हणाली, "सर, आजी म्हणते, सर्दीत दूध नको पिऊ, कफ वाढते." लगेच तिची शेजारीण म्हणाली, "आमच्या घरी त सर्दी झाली की हळदीचं दूधच देतात."

एका बाकावर दोन घरे बसलेली, आणि दोघांचे नियम अगदी उलट! दोन्ही आज्या आपापल्या अनुभवावरूनच बोलत असणार. मग खरे कोणाचे मानायचे?

प्रथम या 'कफ' शब्दाकडे पाहू या, कारण निम्मा घोटाळा तिथेच आहे. आयुर्वेदात वात, पित्त आणि कफ असे तीन दोष सांगितले आहेत. त्यातला कफ ही एक व्यापक कल्पना आहे. बोलताना मात्र आपण घशातून निघणाऱ्या बेडक्यालाही कफच म्हणतो. त्यात भर म्हणून औषधाच्या बाटलीवर 'कफ सिरप' लिहिलेले असते. तिथला कफ म्हणजे इंग्रजीतला खोकला! ग्रंथातल्या कफाविषयीचे वाक्य आपण बेडक्याला लावतो आणि बेडक्याविषयीचे खोकल्याला. बेडक्यापुरता प्रश्न विचारला, तर तो तराजूवर सोडवता येतो.

आणि तो खरोखरच तसा सोडवला गेला आहे. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९९० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. ६० निरोगी स्वयंसेवकांना सर्दीच्या विषाणूची मुद्दाम लागण करण्यात आली. त्यांनी रोज किती दूध घेतले याची नोंद ठेवली आणि त्यांच्या नाकातून आलेल्या स्रावाचे चक्क वजन केले. (हसू नका! विज्ञानात अशी कामेही कोणाला तरी करावी लागतात.) कोणी दुधाला शिवलेही नव्हते, तर कोणी पेल्यामागून पेले रिचवले होते. पण जास्त दूध पिणाऱ्यांचा स्राव जास्त भरला नाही. आणखी एक गोष्ट दिसली. दुधाने कफ वाढतो असे ज्यांना आधीपासून वाटत होते, त्यांनी खोकला आणि नाक चोंदल्याच्या तक्रारी अधिक सांगितल्या. स्राव मात्र त्यांचाही इतरांइतकाच होता.

मग दूध प्यायल्यावर घसा दाटल्यासारखा वाटतो, तो काय भास? भास म्हणता येणार नाही. दुधात स्निग्ध पदार्थाचे अतिसूक्ष्म थेंब तरंगत असतात. दूध लाळेत मिसळले की मिश्रण थोडे घट्ट होते आणि त्याचा पातळ थर जिभेवर व घशात काही वेळ राहतो. त्यालाच आपण कफ समजतो. १९९३ साली त्याच देशात काही लोकांना गाईचे दूध आणि काहींना सोयाबीनचे पेय दिले. दोन्हींची चव चॉकलेट-पुदिन्याची, त्यामुळे कोणाला काय मिळाले ते ओळखू येईना. दाटपणाची तक्रार दोन्ही गटांनी सारखीच केली.

मला गंमत वाटते ती पुढेच. ज्या थरामुळे एक आजी दूध बंद करते, त्याच थरामुळे दुसरीच्या नातवाचा खरखरणारा घसा मऊ होतो! शिवाय गोड चवीने लाळ सुटते, आणि वारंवार गिळल्याने कोरडा घसा ओला राहतो. ऊबही मदत करते. ब्रिटनमधील कार्डिफ येथे २००८ साली सर्दी झालेल्या ३० जणांवर प्रयोग झाला. त्यांना फळांचे एकच पेय गरम किंवा खोलीच्या तापमानाचे दिले. नाकातून वाहणारी हवा यंत्राने मोजली, तर तीत फरक पडला नव्हता. पण गरम पेयानंतर खोकला, शिंका, घशाची दुखणी यांत बरे वाटल्याचे लोकांनी सांगितले. ते पेय दुधाचे नव्हते हे लक्षात ठेवा. म्हणजे ज्याला दूध आवडत नाही, त्याने गरम पाणी किंवा वरणाचे पाणी घेतले तरी चालेल.

आता हळदीविषयी. इथे मी थोडा कडू बोलणार आहे. हळदीतला पिवळा घटक म्हणजे कुर्कुमिन. अर्धा चमचा, म्हणजे साधारण दीड ग्रॅम हळदीत तो ३ टक्क्यांच्या हिशेबाने सुमारे ४५ मिलिग्रॅम भरतो. बंगलोरच्या संशोधकांनी १९९८ साली स्वयंसेवकांना २ ग्रॅम कुर्कुमिन दिले. हे आपल्या पेल्याच्या चाळीसपटीहूनही जास्त झाले. तरीही ते रक्तात जेमतेमच सापडले. सोबत मिऱ्यातील पिपरीन २० मिलिग्रॅम दिल्यावर शोषण सुमारे वीस पट वाढले, पण मुळात नगण्य असलेल्याचे वीस पट! तेव्हा हळदीच्या दुधाने सर्दीचा विषाणू मरतो असे सांगणे बरोबर नाही. चवीला आवडते, घशाला बरे वाटते, एवढे कारण ते पिण्यास पुरेसे आहे.

आले घालायचे असेल तर एक युक्ती ध्यानात ठेवा. कच्च्या आल्यात प्रथिने तोडणारे एक विकर असते, त्यामुळे आल्याचा रस गरम दुधात टाकला की दूध फाटते. आले आधी पाण्यात चांगले उकळावे, म्हणजे विकर निकामी होते, आणि मग दूध घालावे. गूळ भांडे उतरवल्यावरच टाकावा. दूध नेहमी उकळलेलेच हवे. मधाने मुलांचा रात्रीचा खोकला थोडा कमी होतो असे काही प्रयोगांत दिसले आहे, पण एक वर्षाखालील बाळाला मध चाटवू नये. त्यातील जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बाळाला घातक आजार होऊ शकतो. बाजारातल्या चॉकलेटच्या भुकटीत मोठा वाटा साखरेचा असतो, एवढे सांगून पुढे जातो.

माझे मत विचाराल तर सर्दी-खोकल्यात चालू असलेले दूध बंद करू नये. लहान मुलाला वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी होते आणि ती आठ-दहा दिवस राहते. दर वेळी दूध तोडले तर वर्षातले दीड-दोन महिने तसेच गेले. एका पेल्यात सुमारे ६ ते ७ ग्रॅम प्रथिने आणि २०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. आजारात भूक मंदावलेल्या, आधीच किडकिडीत मुलाचे हे नुकसान लहान नाही. ज्याला दुधाची खरी ॲलर्जी आहे त्याची गोष्ट वेगळी. दूध न पचणाऱ्याचे पोट बिघडते, पण तो कफ नव्हे.

हा प्रश्न नुसत्या पेल्याचा नाही, हेही सांगायला हवे. लाखनीहून नागपूर आणि तिथून पुढे छिंदवाडा फार लांब नाही. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याचे एक औषध घेतलेली वीसहून अधिक मुले मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली. काहींवर नागपूरच्या रुग्णालयांत उपचार चालू होते. त्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष सुमारे ४८ टक्के निघाले. त्याच ऑक्टोबरमध्ये केंद्र सरकारच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने सूचना काढली की दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालीही ती सहसा देऊ नयेत. साधी सर्दी विषाणूची असते व आपोआप जाते. दुकानातून स्वतःच्या मनाने बाटली आणण्यापेक्षा कोमट पेय आणि विश्रांती यांवर विसंबणे मला शहाणपणाचे वाटते.

पण हीच भिस्त कुठे थांबवायची तेही कळले पाहिजे. खोकला दोन आठवड्यांहून जास्त राहिला तर प्राथमिक आरोग्य केंद्रात थुंकी तपासून घ्यावी. क्षयरोगाची ही तपासणी मोफत होते. आणि घरात लहान भावंड खोकत असेल, तर ते शांत असताना त्याच्या पोटाची हालचाल पाहून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिने ते एक वर्ष या वयात ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षे या वयात ४० किंवा अधिक श्वास भरले, अथवा श्वास घेताना छाती आत ओढली जात असेल, तर तो न्यूमोनिया असू शकतो. तेव्हा दूध तापवत बसू नका, मूल उचलून दवाखाना गाठा. मोजायला सेकंदकाट्याचे घड्याळ लागते, आणि ते वर्गातल्या वर्गात शिकवायला शिक्षकांना दहा मिनिटे पुरतात. लाखनीच्या त्या वर्गात आम्ही एकमेकांचे श्वास मोजून पाहिले, तेव्हा पहिल्या खेपेस निम्म्यांनी श्वास आणि उच्छ्वास वेगवेगळे धरून दुप्पट आकडा सांगितला.