दारी आलेली प्रश्नावली

वैद्यकीय विद्यार्थ्यांस संशोधनाची गोडी लागावी, म्हणून भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १९७९ साली दोन महिन्यांची विद्यार्थिवृत्ती सुरू केली. हुबळी-धारवाडच्या वस्त्यांतून गरोदर स्त्रियांची विचारपूस करीत अशी मुले-मुली दारी आली, तर वाचक भगिनींनी त्यांस परतवू नये, एवढ्यासाठी आजचे हे पान आम्ही खर्ची घालीत आहोत.

हे काम आपणांस परके नाही. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ साली फिलाडेल्फियास एम.डी.साठी सादर केलेल्या प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंतील प्रसूतिशास्त्र हाच होता. चौदाव्या वर्षी माता होऊन दहा दिवसांत मूल गमावलेल्या स्त्रीने तो निवडावा, यावर भाष्य नको. पुढे १९२८ साली डॉ. लुसी विल्स मुंबईस आल्या. गरोदर गिरणी कामगार स्त्रियांचा पंडुरोग अभ्यासताना त्यांच्या आहाराची चौकशी करीत करीत त्यांस यीस्टच्या अर्कात गुण आढळला. त्याच वाटेने पुढे फॉलिक आम्लाचा शोध लागला. आज सरकारी दवाखान्यात चौथ्या महिन्यापासून १८० दिवस जी लोहाची गोळी देतात, तिच्यात हे द्रव्य असते. कोणा अनाम गिरणीवालीच्या उत्तराचे फळ असे आपल्या लेकीसुनांच्या पदरी पडले आहे.

परंतु उत्तर खरे हवे. आमच्या शाळेतून गेलेल्या काही मुली विशीच्या आतच माता होतात. घरी मराठी, दवाखान्यात कानडी आणि विद्यार्थ्याच्या कागदावर इंग्रजी, अशा त्रिवेणीत ती पोर अवघडून उभी असते. शेजारी सासूबाई. 'गोळ्या घेतेस ना?' या प्रश्नास ती 'हो' म्हणते. गोळ्या मात्र फडताळात तशाच असतात. उत्तर खोटे, म्हणून आकडा खोटा. आणि खोट्या आकड्यावर बेतलेली योजना गरजवंताच्या दारी पोहोचत नाही. तेव्हा घरच्या वडीलधाऱ्यांनी घटकाभर आत जावे, हे उत्तम.

विद्यार्थ्यांसही आमचे सांगणे आहे. कशासाठी विचारतो, ते तिच्या भाषेत आधी सांगावे. नको म्हणण्याचा तिचा अधिकार मानावा. हिमोग्लोबिन ११ ग्रॅमच्या खाली आढळले, तर तो आकडा केवळ वहीत बंद करू नये. तिला तो समजावून द्यावा आणि आशाताईंच्या कानी घालावा. प्रबंध पुरा होईल तेव्हा होईल. तिचे दिवस तोवर थांबत नाहीत.

डोहाळजेवण म्हणा की कानडी शेजाऱ्यांचा कुबसा म्हणा, ओटी भरताना आपण तिला काय खावेसे वाटते ते कौतुकाने विचारतो. तिला काय होते आहे, हेही कोणी निवांतपणे विचारावे, आणि ती सांगू लागली म्हणजे घराने ऐकून घ्यावे, इतकीच आमची विनंती.