पुसलेली अक्षरे, राहिलेला रंग

‘नक्कल’ या शब्दाला आपल्या समीक्षेत प्रतिष्ठा नाही. बाजारातले धातूचे तयार मोटार-मॉडेल घ्यायचे, त्याचा रंग उतरवायचा, त्यात फेरफार करायचे आणि एखाद्या जुन्या शर्यतीच्या मोटारीची प्रतिकृती उभी करायची, या छंदाकडे साहित्याची मंडळी म्हणूनच कौतुकमिश्रित तुच्छतेने पाहतात. काम चिकाटीचे खरे, पण त्यात विचार कसला, असा एकूण सूर असतो. आम्हाला तो मान्य नाही. हे काम पाठचिकित्सेच्या जातकुळीचे आहे. आणि तसे असेल, तर पाठचिकित्सेची शिस्तही त्याला लागू करावी लागेल. ती लागू केली की प्रतिकृतीवरून सिगारेटचे नाव गाळणारे सोवळेपण अडचणीत येते.

लोटस ४९ ही मोटार घेऊ. ४ जून १९६७ रोजी झांडफोर्टच्या डच ग्रां प्रीमध्ये ती प्रथम उतरली आणि जिम क्लार्कने ती शर्यत जिंकली. तेव्हा ती हिरवी होती, मधोमध पिवळा पट्टा होता, पंख नव्हते. १२ मे १९६८ रोजी ग्रॅहम हिल स्पेनमध्ये जिंकला तो लाल, पांढऱ्या आणि सोनेरी रंगातल्या लोटस ४९ मध्ये, आणि तिच्या अंगावर ‘गोल्ड लीफ’ या सिगारेटचे नाव होते. त्याच महिन्यात मोनॅकोला नाकाच्या दोन्ही बाजूंना छोटे पंख आले, शेपटी वर उचलली गेली. पुढे मागच्या बाजूला उंच दांड्यांवर पंख उभा राहिला. ४ मे १९६९ रोजी बार्सिलोनाला हिल आणि योखेन रिंट या दोघांच्याही मोटारींचे पंख मोडले, दोन्ही मोटारी आदळल्या आणि रिंट जखमी झाला. त्यानंतरच्या मोनॅको शर्यतीत सराव सुरू झाल्यावर उंच पंखांवर बंदी आली. दोन वर्षांच्या आत इतके पाठभेद! ‘लोटस ४९ ची प्रतिकृती’ हे विधान म्हणूनच अपुरे आहे. कोणत्या दिवसाची, कोणत्या चालकाची, हे ठरवल्याशिवाय कामाला हात घालता येत नाही.

इथे घाईच्या दुरुस्त्याही धोक्याच्या असतात. लाल-पांढऱ्या लोटस ४९ वर क्लार्कचे नाव दिसले की अर्धवट जाणकार चूक काढतो. क्लार्कची शेवटची ग्रां प्री १ जानेवारी १९६८ ची, दक्षिण आफ्रिकेतली, आणि तिथे त्याची मोटार हिरवीच होती. पण १९६८ च्याच टास्मन मालिकेत, न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियात, तो अडीच लिटर इंजिनाची लोटस ४९ गोल्ड लीफच्या रंगांत चालवत होता. चुकीचा वाटणारा पाठच कधी अस्सल निघतो, हे आपण हस्तलिखितांच्या संदर्भात विद्यार्थ्यांना शिकवतोच.

प्रत्यक्ष हातकामातही निर्णयच असतात. रिव्हेट ड्रिलने काढायचे, रसायनाने रंग उतरवायचा, नको असलेली भोके पुट्टीने बुजवायची, पंखाच्या दांड्यांसाठी बारीक पितळी नळी कापायची. १:४३ या प्रमाणात अर्ध्या मिलिमीटरची चूक म्हणजे मूळ मोटारीत दोन सेंटिमीटरहून अधिक. रंगाचा थर दशांश मिलिमीटर जाड झाला, तर मूळ मोटारीवर चार मिलिमीटर रंग थापल्यासारखे होते आणि पत्र्याच्या कडा हरवतात. असे मोजमाप ज्याला करावे लागते, त्याला ‘नुसती नक्कल’ म्हणणे आळसाचे आहे.

आता सिगारेटचा प्रश्न. तंबाखूच्या जाहिरातींवर निर्बंध आल्यापासून अनेक तयार मॉडेलांवर ही नावे छापली जात नाहीत. जागा कोरी राहते. छंदी माणूस वेगळे डिकॅल मिळवतो, पाण्यात भिजवून ती अक्षरे पुन्हा बसवतो. त्यावर आक्षेप असा, की तो जाहिरात करतो. लहान मुलाच्या हाती जाणाऱ्या खेळण्यापुरता हा आक्षेप आम्हाला मान्य आहे. तिथे कायद्याने आपले काम करावे. पण जी वस्तू ‘स्पेन, १२ मे १९६८’ असा दावा करते, तिच्यावरून ते नाव गाळणे हा अपपाठ आहे.

शिवाय तो अर्धाच अपपाठ आहे. लाल, पांढरा, सोनेरी हे रंगच त्या जाहिरातीचे रंग होते. इंग्लंडच्या मोटारी परंपरेने हिरव्या असत. ती परंपरा कॉलिन चॅपमनच्या संघाने तंबाखूच्या पैशासाठी सोडली. अक्षरे पुसून रंग ठेवणारा जाहिरात तर ठेवतोच, वर तिचे कारण लपवतो. बघणाऱ्याला रंग सुंदर वाटतो आणि तो कुणी विकत घेतला होता हे कळत नाही. इतिहासातली लाज पुसून त्याची शोभा तेवढी शिल्लक ठेवणे हे नैतिकतेचे लक्षण नव्हे. शालेय पुस्तकांतले सोज्ज्वळ केलेले उतारे आपण शिकवत आलो आहोत. ही खोड आपण ओळखायला हवी.

मात्र छंदी मंडळींनाही आमचे एक सांगणे आहे. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९६६ साली पूर्ण झाले. तिच्या संपादकांनी मुख्य संहितेत न घेतलेले पाठ फेकून दिले नाहीत. ते तळटीपांत आणि परिशिष्टांत राखले. तुमच्या मॉडेलच्या पट्टीखालीही तेवढी जागा असते. मूळ मॉडेल कोणते, काय काढले, काय जोडले, कशाच्या आधारे, हे तिथे लिहा. बार्सिलोनाची मोटार केलीत तर तो पंख त्या दिवशी मोडला हेही लिहा. मगच आमच्या क्षेत्रातल्या लोकांना तुमच्याकडे तुच्छतेने पाहणे अवघड जाईल. आणि ते अवघड जावे, अशी आमची मनापासून इच्छा आहे.