डेनॉन की यामाहा? आधी छताकडे बघा!

लोणावळ्यात वीकएंड होम झालं, भिंतीवर भलाथोरला टीव्ही चढला, आता घोडं अडलंय साउंडवर. शॉर्टलिस्टमध्ये दोनच रिसीव्हर उरलेत: डेनॉनचा एव्हीआर-एक्स३८००एच आणि यामाहाचा आरएक्स-ए४ए. काय करायचं?

कागदावर डेनॉन सरळ पुढे. त्याच्या पोटात ९ चॅनेलचा अ‍ॅम्प्लिफायर, यामाहात ७. म्हणजे डॉल्बी अ‍ॅटमॉससाठी डेनॉन ५.१.४ चालवतो, कानाच्या पातळीवर ५ स्पीकर, एक सबवूफर आणि डोक्यावर ४. यामाहा डोक्यावर दोघांवर थांबतो. सेल्समन तुम्हाला नेमका इथेच गुंडाळतो.

पण डोक्यावर म्हणजे कुठे, बॉस? तुंगार्ली-खंडाळ्याकडच्या कित्येक बंगल्यांना उतरतं छप्पर. टीव्हीशेजारी ठेवायचे ते अ‍ॅटमॉस स्पीकर आवाज वर फेकतात, तो छताला आपटून तुमच्याकडे येतो. त्यासाठी छत सपाट आणि टणक हवं. उतरत्या छपरावरून तो भलतीकडेच जातो. मग सिलिंगला भोकं पाडून स्पीकर बसवायचे? जुलैतला इथला पाऊस बघितलाय ना? ओल पहिली तिथेच धरणार.

दुसरी गंमत हॉलची. दरी दिसावी म्हणून लावलेली फुल साइझ काच आणि खाली चकाचक टाइल्स, म्हणजे आवाजाचा नुसता गोंगाट. दोन्ही रिसीव्हर सोबतच्या माइकने खोली मोजून आवाज जुळवून घेतात. डेनॉनची ऑडिसी एक्सटी३२ यात माझ्या मते सरस, खासकरून बासमध्ये. चार सबवूफर वेगवेगळे सांभाळते. यामाहाची वायपीएओ सोपी, आणि सराउंड एआय सीन बघून आवाज आपणच बदलतं. आईबाबा रिमोट हातात घेणार असतील तर हे फार कामाचं. मात्र काचेचा घुमारा दोघांनाही पूर्ण आवरत नाही. जाड पडदे आणि मोठी सतरंजी आधी घ्या, डबा नंतर.

पत्र्यावर पाऊस कोसळायला लागला की डायलॉग बुडतात आणि हात आपसूक व्हॉल्यूमकडे जातो. सांभाळून! २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ मर्यादा ४५ डेसिबलची आहे, आणि इथल्या शांततेत शेजारच्या बंगल्यापर्यंत बास आरामात पोचतो. सगळं वाढवण्यापेक्षा फक्त डायलॉग उचला. दोन्हींत ती सोय आहे.

तेव्हा सपाट स्लॅबचा फ्लॅट असेल तर डोळे मिटून डेनॉन. उतरतं छप्पर असेल तर यामाहा, आणि वाचलेल्या दोन स्पीकरच्या पैशात एक चांगला सेंटर स्पीकर.

शिवाय एक सर्ज प्रोटेक्टर. वळवाच्या दिवसांत लाइटचा लपंडाव आणि विजा दोन्ही असतात, म्हणून रविवारी निघताना प्लग भिंतीतून काढूनच ठेवा.