सातबाऱ्यावरून उतरलेलं नाव

कर्जतहून कशेळ्याकडे जाताना डाव्या हाताला एक फार्महाऊस लागतं. त्याच्या फाटकाशी खुर्ची टाकून आबा बसलेले असतात. गेल्या वर्षी वसुबारसेच्या संध्याकाळी मी तिथे थांबलो. मालक मुंबईचे, ते दिवाळी उलटल्यावर येणार होते. फाटकाच्या दोन्ही खांबांवर आबांनी पणत्या लावून ठेवल्या होत्या. हात लांब करून म्हणाले, ‘‘भाऊ, त्या पोहायच्या टाकीपासनं चिंचेपावेतो आपलं भात होतं.’’ चिंच अजून उभी आहे. सातबाऱ्यावर आबांचं नाव नाही. जमिनीच्या पैशातून घरावर स्लॅब पडला, मुलीचं लग्न थाटात झालं, मुलाला गाडी आली. चौथ्या वर्षी आबा आपल्याच शेताची राखण करायला पगारावर लागले.

कर्जत-खालापुरात अशी घरं मोजायला बसलं तर वही पुरायची नाही. पण त्याच गावांत दुसरीही घरं आहेत. त्यांनीही जमीन विकली, पण आलेल्या पैशातून आधी दुसरीकडे जमीन घेतली, किंवा मुद्दल बँकेत ठेवून व्याजावर पोरं शिकवली. विकलं दोघांनी. एकाचं मुद्दल गेलं, दुसऱ्याचं राहिलं.

यंदाच्या अंकासाठी ‘इंधन’ हा विषय ठरला तेव्हा मला आबाच आठवले. देशांनी आपल्या पोटातलं तेल आणि वायू परदेशी विकावं का, हा प्रश्न मोठमोठ्या परिषदांत चर्चिला जातो. मला तो त्या फाटकाशी बसून जास्त नीट कळतो. भात विकणं वेगळं, शेत विकणं वेगळं. विकलेलं भात पुढच्या पावसात परत येतं. तेलाला लाखो वर्षं लागतात, म्हणजे आपल्या हिशेबी ते परत येतच नाही. तरीही बहुतेक सरकारं तेलाचा पैसा भाताच्या पैशासारखा उत्पन्नात धरतात आणि वर्षाच्या आत खर्च करून मोकळी होतात.

आपणही हे तेल विकलं आहे. फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या जहाजाने मुंबईपासून सुमारे दीडशे किलोमीटरवर समुद्रात तेल शोधलं, १९७६ मध्ये ‘बॉम्बे हाय’चं उत्पादन सुरू झालं आणि आपल्याच रायगड जिल्ह्यातल्या उरणच्या किनाऱ्यावर तेल-वायूचं भलंमोठं केंद्र उभं राहिलं. ते तेल हलकं. तेव्हाचे आपले शुद्धीकरण कारखाने ते सगळं गाळायला तयार नव्हते. म्हणून १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात त्यातलं काही तेल परदेशी विकलं गेलं आणि दुसरीकडून आपल्याला सोसणारं तेल आणलं गेलं. सोबत निघणारा वायू वाहून नेण्याची सोय पुरेशी नव्हती, तेव्हा त्यातला मोठा भाग समुद्रावरच जाळून टाकावा लागे. त्या वर्षांत इथल्या वाड्यांमध्ये तीन दगडांच्या चुली धुमसत होत्या.

पैशाच्या हिशेबाने तो सौदा वाईट नव्हता, हे मान्य करायला हवं. १९८६ मध्ये जगात तेलाचे भाव कोसळले. आधी चढ्या भावात विकलेलं तेल नंतर निम्म्या भावात मिळू लागलं. ‘जमिनीखाली ठेवून काय मिळवलं असतं?’ असं कुणी विचारलं तर त्याला उत्तर द्यावं लागेल. माझं उत्तर पुढच्या पाच वर्षांत आहे. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत गिळलं, तेल भडकलं आणि आधीच पोकळ झालेल्या आपल्या परकीय गंगाजळीचा तळ दिसला. १९९१ च्या जुलैत सुमारे ४७ टन सोनं परदेशी बँकांकडे गहाण पडलं. एकट्या तेलाने ते घडवलं असं मी म्हणत नाही. पण घरचा साठा अडीअडचणीचा आधार असतो, आणि अडचण बाजारभाव बघून येत नाही. आज देशाच्या गरजेपैकी ८५ टक्क्यांहून अधिक कच्चं तेल आपण बाहेरून आणतो. बॉम्बे हायचं उत्पादन १९८९ च्या सुमारास शिखरावर होतं, नंतर ते उतरत गेलं.

या व्यवहारात उरणचं, रायगडचं काय? घटनेच्या २९७ व्या कलमाप्रमाणे समुद्रातली खनिजं केंद्राची. आसाम-गुजरातला जमिनीवरच्या तेलाचं स्वामित्वधन मिळतं, समुद्रातल्या तेलाचं किनाऱ्याच्या राज्याला मिळत नाही. कारखाने आले, नोकऱ्या काही आल्या, थळचा खतकारखाना आला. हक्काचा वाटा आला नाही.

नॉर्वेचं उदाहरण सगळेच देतात, पण अर्धंच सांगतात. १९६९ मध्ये तिथे उत्तर समुद्रात मोठं तेल सापडलं आणि १९९० मध्ये त्या देशाने कायदा करून तेलाच्या पैशाचा वेगळा निधी केला. त्यातून दरवर्षी साधारण ३ टक्के, म्हणजे अपेक्षित परताव्याइतकंच काढायचं, मुद्दलाला हात लावायचा नाही. आता उरलेलं अर्धं. तिथल्या घरांत दिवे तेलावर जळत नाहीत, धबधब्यांच्या पाण्यावर जळतात. २०२१ मध्ये समुद्राखालच्या तारांनी ती वीज जर्मनी आणि ब्रिटनकडे जाऊ लागली, पुढे युरोपात वायूची टंचाई झाली आणि नॉर्वेच्या दक्षिण भागातल्या घरांची बिलं अस्मानाला भिडली, तेव्हा तेल निमूट विकणारी तीच माणसं निर्यातीच्या विरोधात खवळून उठली. स्वतःच्या चुलीपर्यंत झळ आली की निर्यातीचा प्रश्न कुणालाही समजतो. नायजर नदीच्या मुखाशी ती झळ पहिल्या दिवसापासून होती. तेल बाहेर गेलं, खाड्या काळ्या झाल्या, गावं अंधारात राहिली. तिथल्या ओगोनी लोकांसाठी लढणाऱ्या केन सारो-विवा या लेखकाला १९९५ मध्ये फाशी दिलं गेलं.

खवळलेली नॉर्वेची माणसं कर्जतकरांना समजायला हरकत नाही. ऊर्जा बाहेर पाठवण्याचा आपला धंदा बॉम्बे हायपेक्षा जुना आहे. आधी ठाणे-कुलाब्याच्या रानातून मुंबईला लाकूडफाटा आणि कोळसा गेला. मग टाटांनी लोणावळ्याच्या माथ्यावर पाऊस अडवला, तो सुमारे पाचशे मीटर खाली नळांतून सोडला आणि १९१५ मध्ये खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. १९२२ मध्ये भिवपुरी, १९२७ मध्ये भिरा. भिऱ्यासाठी मुळशीचं खोरं बुडालं, सेनापती बापटांचा सत्याग्रह त्याच धरणाविरुद्ध झाला. हे पाणी दर पावसाळ्यात भरतं, त्यामुळे ही निर्यात शेत विकण्यातली नाही, भात विकण्यातली आहे, आणि मला ती मान्य आहे. शिवाय भिवपुरीच्या वीजघरातून सुटलेलं पाणी राजनाला कालव्याने आपल्या तालुक्यात फिरतं, त्यावर उन्हाळी भात होतं. जिथून घेतलं तिथे काहीतरी उरलं, त्याचं हे चांगलं उदाहरण. पण त्याच विजेच्या तारांखालच्या गावात माझी शाळेची वर्षं रॉकेलच्या चिमणीजवळ गेली. वही जवळ नेली की कडा करपायच्या.

म्हणून साठा विकायला माझा सरसकट विरोध नाही. आधी घरची चूल पेटू द्या, आणि आलेला पैसा मुद्दल समजून बाजूला ठेवा. यातलं एकही जमत नसेल तर तेल जमिनीखालीच राहू द्यावं. तिथे ते नासत नाही.

दिवाळी झाली की आपल्या वाड्यांमधली कातकरी कुटुंबं कोळसाभट्ट्यांवर आणि वीटभट्ट्यांवर निघतील. दुसऱ्याच्या भट्टीला जाळ घालायला जाणाऱ्या या माणसांच्या घरी मी गेल्या महिन्यात जाऊन आलो. एका झोपडीत सरकारी योजनेतला सिलिंडर होता. त्यावर फळी टाकून देवाचा फोटो मांडला होता. भरून आणायला एकरकमी पैसे निघत नाहीत, म्हणून घरातली बाई पहाटे रानात जाते, एक मोळी घरी ठेवते, एक नेरळच्या बाजारात विकते. पायवाट विजेच्या मनोऱ्यांखालून जाते.

ऑगस्ट २०२३ मध्ये राज्य सरकार आणि टाटा पॉवर यांच्यात सुमारे १३,००० कोटी रुपयांचा सामंजस्य करार झाला. शिरोट्याला १,८०० आणि भिवपुरीला १,००० मेगावॅटचे उदंचन प्रकल्प. वीज मुबलक असेल तेव्हा पाणी वर चढवायचं, मागणी वाढली की पुन्हा खाली सोडायचं. चांगली कल्पना आहे, सूर्याची वीज साठवायला अशाच सोयी लागतील. त्या हजार मेगावॅटमधली पहिली वीज भिवपुरीच्या डोंगराखालच्या वाड्यांमध्ये स्वयंपाकाला फुकट मिळावी, अशी या अंकाची मागणी आहे. हे पान घेऊन भाऊबीजेनंतर आम्ही वाडीवाडीत जाऊ, भट्टीवर निघायच्या आधी लोक भेटतात. पहिल्या दिवशी आबाही सोबत येणार आहेत, मालकांकडून त्यांनी सुट्टी मागून घेतली आहे.