औषधाच्या खिडकीमागचा माणूस



इस्पितळात आपण केसपेपर काढतो, डॉक्टरांना दाखवतो आणि शेवटी औषधाच्या खिडकीशी रांग लावतो. आतला माणूस गोळ्या मोजून देतो, एवढेच त्याचे काम, असे आपण समजतो. ही समजूत चुकीची आहे. तो १९४८ च्या फार्मसी कायद्याखाली नोंदणी झालेला, औषधशास्त्र शिकलेला माणूस असतो.

अँटिबायोटिक जिवाणूंना मारते. सर्दी आणि फ्लू विषाणूंमुळे होतात. तिथे ते काहीच कामाचे नाही. गरज नसताना घेतले, कमी घेतले किंवा मनाने मध्येच सोडले, की चिवट जंतू माजतात आणि औषधाला दाद देत नाहीत. पेनिसिलीनचा शोध लावणारे अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ सालीच हा इशारा दिला होता. अशा वेळी महागडी इंजेक्शने येतात, इस्पितळातला मुक्काम लांबतो, रोज बुडतो. हातावर पोट असणाऱ्याचे घर त्यात बसते.

इस्पितळातला दक्ष फार्मासिस्ट इथेच उपयोगी पडतो. डोस वजनाला योग्य आहे का, मूत्रपिंड अधू असल्यास तो कमी करायला हवा का, एकाच कामाची दोन औषधे लिहिली गेली आहेत का, हे तो तपासतो. कल्चरचा रिपोर्ट आला की साधे औषध पुरेल का, इंजेक्शनऐवजी गोळी चालेल का, असे डॉक्टरांना विचारतो. निर्णय डॉक्टरांचाच, पण वेळेवर विचारलेला प्रश्न रुग्णाला वाचवतो.

बाहेरच्या दुकानालाही कायदा आहे. १ मार्च २०१४ पासून ‘एच १’ यादीतली निवडक अँटिबायोटिके आणि क्षयरोगाची औषधे विकताना डॉक्टर, रुग्ण, औषध व संख्या यांची नोंद करून ती ३ वर्षे जपावी लागते.

तेव्हा बंधू-भगिनींनो, चिठ्ठीशिवाय औषध नाकारणाऱ्या फार्मासिस्टशी भांडू नका. तो धंदा सोडून तुमचे हित पाहतो आहे. खिडकीवर विचारा: यात अँटिबायोटिक कोणते? दिवसातून किती वेळा, किती दिवस? पूर्वी एखाद्या औषधाने पुरळ उठले असेल, तर तेही सांगा.

आपली मुलेमुली आज डी. फार्म., बी. फार्म. होत आहेत, याचा आम्हाला अभिमान आहे. त्यांना एकच सांगणे: गल्ल्यापेक्षा रुग्ण मोठा. अतिरेक नको, हयगयही नको, हा तथागतांचा मध्यम मार्ग औषधाच्या डोसालाही लागू आहे.