परदेशातला पगार, गावभर वाटेकरी. फिलिपिनो कामगारांची कोंडी काय आहे?
हाँगकाँगमध्ये घरकाम करणाऱ्या परदेशी कामगारांचा किमान पगार 2024 मध्ये महिन्याला 4,990 हाँगकाँग डॉलर ठरला. फिलिपिन्समधले नातेवाईक तो पेसोत मोजतात आणि आकडा सात पटींनी फुगतो. मग भाच्याची फी, काकांचं ऑपरेशन, मैत्रिणीची उसनवारी सुरू. नकार दिला की ‘उतांग ना लोओब’, म्हणजे उपकारांच्या ऋणाची आठवण करून दिली जाते. आई-वडिलांपुरतं ते समजू शकतं. पण फेसबुकवर उगवलेल्या वर्गमित्राचं कसलं ऋण?

सरकारही या कामगारांना ‘नवे नायक’ म्हणतं. म्हणणारच, 2024 मध्ये त्यांनी बँकांमार्फत 34 अब्ज डॉलरहून जास्त रक्कम मायदेशी पाठवली. घरी पैसे पाठवता यावेत म्हणून अनेकजणी हाँगकाँगमध्येच कर्ज काढतात. त्याचे हप्ते मात्र डॉलरमध्येच, त्याच पगारातून जातात.