वारसा मिळेल, आधी कूपन घ्या

मे महिन्यात सोलापूरकर दोन गोष्टी उन्हात टाकतो: कुरडया आणि पाहुणे. कुरडया निदान वाळून डब्यात जातात. पाहुणे मात्र त्रेचाळीस अंशांत भुईकोट किल्ल्याच्या तटाखाली उभे राहून 'वारसा फेरी'चं प्रास्ताविक ऐकत बसतात. फेरी सकाळी सातची असते, प्रमुख पाहुणे साडेनवाला उगवतात आणि दहाच्या उन्हात कुणाला भोवळ आली की संयोजक प्रसन्न चेहऱ्यानं म्हणतात, 'इथं आपण थोडं थांबू या.' थांबायला सावली लागते, हा तपशील कार्यक्रमपत्रिकेत नसतो.

उन्हाळी सुट्टीत खाद्य आणि वारसा महोत्सव भरवण्याची टूम आता आमच्या गावात पोचली आहे. पोचू द्या. टूम आहे, ती पोचणारच. माझी तक्रार एवढीच की महोत्सव भरवणाऱ्याला निदान पंचांग वाचता यावं. फलकावर काय लिहिलेलं असतं? 'हुरडा पार्टी'. मे महिन्यात! हुरडा रब्बीच्या ज्वारीचा. कणीस दुधाळ असतं तेव्हा, म्हणजे ऐन थंडीत, शेतात आगटी पेटवून, हात पोळून घेत खायचा. मेमध्ये त्या शेतात ढेकळांशिवाय काही नसतं. मग हा हुरडा येतो कुठून? फ्रीजरमधून. प्लास्टिकच्या पिशवीतून निघतो, मायक्रोवेव्हमध्ये शिरतो आणि 'थेट शेतातली चव' होऊन बाहेर पडतो. पुनर्जन्माचा इतका स्वस्त पुरावा आद्य शंकराचार्यांनाही मिळाला नसेल.

मग सत्कार. इतर गावांत शाल देतात. आम्ही सोलापुरी चादर देतो. जॅकार्डवर विणलेली, अस्सल सुती, अंगभर जाड, भौगोलिक मानांकन मिळवलेली. माघातल्या पहाटे तिच्यासारखं सुख नाही. मेच्या दुपारी तीच चादर माणसाच्या खांद्यावर घालणं हा सत्कार नसून सदोष मनुष्यवधाचा प्रयत्न आहे. त्यात ती चादर सोलापूरचीच असेल याची हमी कोण देणार? पानिपतच्या नकला 'सोलापुरी' म्हणून विकल्या जातात, हे इथल्या कारखानदारांचं जुनं रडगाणं आहे, आणि ते खरं आहे. म्हणजे पानिपतात आपण पुन्हा हरलो. या वेळी तर अब्दालीची गरजही लागली नाही.

आता खाद्याकडे वळू. पहिल्याच स्टॉलवर 'मिलेट नाचोज, देसी डिपसह'. जवळ जाऊन बघावं तर आपली कडक भाकरी! तिचे त्रिकोणी तुकडे करून वर चीज ओतलंय आणि शेंगाचटणीला 'डिप' हे मरणोत्तर पद बहाल केलंय. शेजारी उभा असलेला एक पोरगा मित्राला म्हणाला, 'काय बे, आपल्या घरच्या भाकरीला काय झालं बे?' त्या महोत्सवावरचं इतकं नेमकं समीक्षण कोणत्याही पुरवणीत छापून आलं नाही.

मंचावरून मात्र त्या भाकरीची 'सुपरफूड' म्हणून आरती चालू असते. ती कडक का असते, हे कुणी विचारत नाही. विचारलं तर अडचण होईल. ज्वारीची भाकरी पातळ थापायची, भाजून झाल्यावर धगीशी उभी करून तिच्यातला पाण्याचा शेवटचा अंश काढून घ्यायचा. पाणी गेलं की बुरशी नाही. भाकरी कित्येक दिवस टिकते. शेंगाचटणीचं शास्त्रही तेच: भाजलेले शेंगदाणे, लसूण, तिखट, मीठ, जिरं, उखळात कुटायचं, दाण्याचं तेल सुटू द्यायचं आणि पाण्याचा थेंबही लागू द्यायचा नाही. म्हणजे सोलापूरचे दोन सर्वांत नावाजलेले पदार्थ पाणी वगळून तयार झाले आहेत. हा काही चोचला नव्हता. गिरणीच्या पाळीला जाणाऱ्याच्या, जगायला बाहेरगावी निघणाऱ्याच्या फडक्यात बांधून देता येईल, असं हे दुष्काळाचं अभियांत्रिकी आहे. ज्या बायकांनी ते सिद्ध केलं त्यांना त्याबद्दल पदवी नाही, मानधन नाही. महोत्सवात त्यांच्या बचतगटाला जागा मिळते ती जनरेटरच्या शेजारी.

आणि या निर्जल पाककलेच्या गौरवार्थ मंडपात काय लावलेलं असतं? पाण्याचे फवारे उडवणारे पंखे! हे त्या शहरात, जिथं चार-पाच दिवसांआड नळाला पाणी येण्याची एका अख्ख्या पिढीला सवय झाली. उजनी धरणाची क्षमता ११७ टीएमसी. तिथून शंभरहून अधिक किलोमीटर जलवाहिनी टाकून पाणी शहरात आणायचं आणि ते महोत्सवात हवेत उडवायचं. २०१६च्या जानेवारीत देशातली पहिली वीस 'स्मार्ट' शहरं निवडली गेली, त्यात सोलापूर नववं होतं. नळाला पाणी कधी येणार याचा निरोप मोबाइलवर मिळाला की शहर स्मार्ट झालं म्हणायचं, एवढी साधी व्याख्या असेल तर माझी हरकत नाही.

ज्वारीवरचं हे प्रेम केवढं निस्सीम आहे, याचा एक पुरावा सरकारी दप्तरातही आहे. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष. त्या वर्षीच्या राज्याच्या अर्थसंकल्पात सोलापूरला 'श्रीअन्न उत्कृष्टता केंद्र' जाहीर झालं. योग्यच होतं. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेलं. मालदांडीचं ३५-१ हे देशभर पसरलेलं वाण आमच्या मोहोळच्या संशोधन केंद्रातलं. मग वर्ष संपायच्या आत ते केंद्र बारामतीला हलवण्याचा निर्णय निघाला आणि एकच गहजब झाला. ज्वारी इथं पिकते, उत्कृष्टता मात्र दुसरीकडे उगवते, हा कृषिशास्त्रातला चमत्कार समजून घेण्याइतकी माझी बुद्धी चालत नाही. महोत्सवाच्या मंचावर या विषयाचं नाव निघतं का? छे! तिथं नाचोज असतात.

मंगळवेढ्याचा विषय निघालाच आहे तर दामाजीपंत आठवतात. दुर्गादेवीच्या दुष्काळात त्यांनी बादशहाचं कोठार रयतेसाठी उघडलं, अशी कथा आपण पिढ्यान् पिढ्या ऐकत आलो. महोत्सवात त्यांचं भलंमोठं कटआउट असतं. त्याच्या बरोबर खाली कूपनची खिडकी. कूपन नसेल तर भाकरी नाही, सुटे नसतील तर कूपन नाही. पंत आज आले असते तर आधी त्यांना सुटे आणायला पाठवलं असतं.

तरीही मी कूपन घेतलं. 'अस्सल सोलापुरी थाळी'चं. थाळीत काय होतं ते सांगण्यापेक्षा काय नव्हतं ते सांगतो, कारण ती यादी जास्त रुचकर आहे. पूर्व भागातल्या पद्मशाली घरांतली पुलिहोरा नव्हती, सकिनालू नव्हती, अंबाडीची आंबट चटणी नव्हती. लिंगायत घरातली गव्हाची हुग्गी नव्हती. सावजींचं मटण अर्थातच नव्हतं. रमजानात विजापूर वेशीतल्या मीना बाजारात रात्रभर जे शिजतं त्याचा वासही नव्हता. होता तो पनीरचा एक लालभडक पदार्थ, ज्याचा सोलापूरशी संबंध जनरेटरच्या डिझेलपुरता. ज्या शहरात एका गल्लीत मराठी, दुसरीत तेलुगू, तिसरीत कन्नड आणि चौथीत दखनी कानावर पडते, त्या शहराची 'अस्सल' थाळी या मंडळींनी अशी सोवळ्यात वाढली की शहरच ताटाबाहेर राहिलं. अस्सलपणाचं प्रमाणपत्र कोणी दिलं? संयोजन समितीनं. समितीत स्वयंपाक करणारं कोण होतं? उपस्थितांनी नाश्त्याचा आस्वाद घ्यावा.

वारशाच्या बाजूला तर विनोदाची परिसीमा आहे. कारण मे हा खरोखरच सोलापूरचा ऐतिहासिक महिना आहे! इतका की संयोजकांना डोळे मिटून कार्यक्रम आखता आला असता. मे १८१८मध्ये मन्रोच्या इंग्रज फौजेनं सोलापूरचा किल्ला घेतला आणि पेशवाईचा या भागातला उरलासुरला जीव गेला. मे १९३०मध्ये, गांधीजींच्या अटकेनंतर, सोलापूर असं पेटलं की काही दिवस या शहरात इंग्रजांची सत्ता उरली नव्हती. मग मार्शल लॉ आला, गांधी टोपी घालणंही महागात पडलं, आणि १२ जानेवारी १९३१ला येरवड्यात चौघांना फाशी झाली: मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. ही नावं एकदा मोठ्यानं वाचा. समितीला थाळीत जे शहर मावलं नाही, ते फाशीच्या तख्तावर एका ओळीत उभं होतं.

महोत्सवात यातलं काय होतं? पुणेरी पगडी घालून सेल्फी काढायचा कोपरा आणि लावणी. लावणीवर माझा राग नाही. पण मार्शल लॉ भोगलेल्या गावात येऊन पाहुण्यानं 'इथला इतिहास काय?' असं विचारावं आणि त्याला पगडी घालून फोटो काढून द्यावा, याला नुसता आळस म्हणता येत नाही. यामागे विचार आहे. १९३०चा इतिहास सांगायचा तर गिरणी कामगारांचा विषय निघतो. कामगारांचा विषय निघाला की गिरण्या कुठं गेल्या हा प्रश्न येतो. आणि त्या प्रश्नाला प्रायोजक मिळत नाही.

गिरण्यांचंच घ्या. जुनी मिल, म्हणजे सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग, १८७७ची. स्वतंत्र भारताच्या सरकारनं १९५०मध्ये तिचा कारभार ताब्यात घेतला, एक भागधारक सर्वोच्च न्यायालयात गेले आणि चिरंजीतलाल चौधरी खटला उभा राहिला. समानतेचा मूलभूत हक्क शिकवताना देशातल्या विधी महाविद्यालयांत तो आजही शिकवतात. म्हणजे चेन्नईतल्या, गुवाहाटीतल्या कायद्याच्या पोराला आमची गिरणी माहीत आहे. आमच्या वारसा फेरीत तिच्यासाठी थांबा नाही. का? तर 'तिथं बघण्यासारखं काही उरलं नाही.' अहो महाराज, म्हणूनच तर दाखवायचं! जुनी मिल हा आता रिक्षावाल्याला सांगायचा पत्ता आहे, नरसिंग गिरजी आणि लक्ष्मी-विष्णू ही नावं म्हाताऱ्यांच्या बोलण्यात आहेत. जे उभं होतं तेव्हा त्याला 'अडगळ' म्हणायचं, गेल्यावर त्याचं छायाचित्र फ्लेक्सवर छापून 'गतवैभव' म्हणायचं; वारसाप्रेमाचा हा प्रकार मला अंत्यविधीच्या ठेकेदारीसारखा वाटतो. मयतावर यांचं प्रेम अपार. जिवंतपणी ओळख नव्हती इतकंच.

कुणी म्हणेल, टीका सोपी, करून दाखवा. करून दाखवायची गरज नाही, गाव ते शतकानुशतकं करतंय. संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरते. सात नंदीध्वज निघतात, अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा होते, तलावाकाठी अक्षता पडतात, होम मैदानावर पाळणे लागतात. नंदीध्वजांच्या काठ्या पेलणारे कुठल्या एजन्सीनं पुरवलेले नसतात. त्यांच्या घरांचे मान ठरलेले आहेत. ऋतू अचूक, कारण ठरवणाऱ्यांना थंडी आणि ऊन यातला फरक कळत होता. त्या यात्रेत धूळ आहे, गोंगाट आहे, खिसेकापूही आहेत. नाही ती फक्त संयोजन समितीची प्रस्तावना.

आणि ज्याच्या नावानं हे सगळं चालतं त्या सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात काय केलं? वचनं रचली, आणि परंपरा सांगते की लोकांना हाताशी धरून तलाव खोदला. आमच्या ग्रामदैवताची कीर्ती पाण्याच्या कामाची आहे. त्यांच्या नगरीत वारसा महोत्सव भरवणाऱ्यांनी नऊशे वर्षांनंतर पाण्याच्या बाबतीत जी भर घातली, ती म्हणजे फवाऱ्याचे पंखे.

तेव्हा संयोजकहो, तुम्हाला महोत्सव हवाच असेल तर पुढच्या मेमध्ये फ्रीजर, पगडी आणि नाचोज घरी ठेवा. भाकरी थापणाऱ्या बाईला मंचावर खुर्ची द्या आणि तिचा दर तिला ठरवू द्या. विजापूर वेस ते पूर्व भाग, ज्याचं जे शिजतं ते शिजू द्या. फेरी काढायची तर गिरणीच्या रिकाम्या जागेपर्यंत न्या, संध्याकाळी न्या, आणि वाटेत माठ ठेवा. एवढं झेपत नसेल तर थेट नळाचं बघा. ज्या उन्हाळ्यात सोलापूरला रोज पाणी येईल त्या उन्हाळ्यात खुशाल आठवडाभर महोत्सव करा. उद्घाटनाला मी येतो. दीड तास भाषण करा, ऐकून घेतो. भर दुपारी, खांद्यावर चादर घेऊन.